सरळ धावणारी लोसा

आमच्या ग्रुपमध्ये कुणाकडेही जेवायला जमलो, की एक वेळ अशी येते. ताटं रिकामी झालेली असतात, उठून ती सिंकमध्ये ठेवायचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला असतो, आणि कुणीतरी म्हणतं, "ए, ते बुटांचं सांग ना!" झालं. बुटांवरून पिठाचा विषय निघतो, पिठावरून रविवारचा. एकेक किस्सा दर वेळी थोडा फुगत जातो. माझा नवरा निखिल तर हल्ली दोन-तीन किस्स्यांमध्ये स्वतःही असतो. प्रत्यक्षात तेव्हा तो ऑफिसच्या कामासाठी महिनाभर वेलिंग्टनला होता! म्हटलं, त्याने आणखी कुठे शिरकाव करायच्या आत लिहून टाकावं.

तर, २०१७ साल. ऑकलंडला पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या हौशी खेळाडूंचा मोठा आंतरराष्ट्रीय मेळा भरला होता. धावणं, पोहणं, हिरवळीवर चेंडू घरंगळवायचं बोल्स, वजन उचलणं, सगळं काही. फ्लॅट बुश या आमच्या उपनगरातल्या आम्ही सहा मराठी बायकांनी व्हॉलंटियर म्हणून नावं दिली. खेळावरचं प्रेम वगैरे काही नाही. जॅकेट मिळणार होतं. वॉटरप्रूफ!

आमच्या वाट्याला पॅसिफिकमधला एक चिमुकला देश आला. त्याचं नाव सांगत नाही. तो इतका लहान आहे, की मी इथे नाव लिहिलं तर संध्याकाळच्या आत तिथल्या प्रत्येकाला ते कळेल आणि मला फोन येईल. सगळे मिळून नऊ खेळाडू. त्यांचा मॅनेजर सेफो हा स्वतः बोल्स खेळायचा आणि एरवी बेटावरच्या एकुलत्या एक रेडिओवर बातम्या द्यायचा. आणि त्या नऊ जणांतली एकच बाई धावणारी होती. लोसा. वय सत्तेचाळीस, शाळेत शिक्षिका, बोलणं हळू आणि कमी.

*

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधीच ती मंडळी आली. न्यूझीलंडमध्ये उतरताना बुटांना माती चिकटलेली चालत नाही, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या आईवडिलांना पाठ असतं. लोसाने तिचे धावायचे बूट प्रामाणिकपणे काढून दाखवले. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते उलटे केले. तळवे झिजून गुळगुळीत झालेले, पण मातीचा कण नाही, गवताची काडी नाही. त्याला उलट संशय आला!

"हे धावायचेच बूट ना?"

"हो."

"मग तुम्ही धावता कुठे?"

"एअरपोर्टवर," लोसा म्हणाली.

"कुठल्या एअरपोर्टवर?"

"आमच्याकडे एकच आहे."

"रनवेवर धावता? आणि विमानं?"

लोसाने शांतपणे हिशोब सांगितला. "मंगळवारी आणि शुक्रवारी रनवे विमानाचा. रविवारी देवाचा. बाकीचे चार दिवस माझा."

सेफो सांगतो, की त्या अधिकाऱ्याने ते बूट दोन्ही हातांनी परत दिले.

*

त्यांचा मुक्काम आमच्या मागच्या रस्त्यावरच्या चर्चच्या हॉलमध्ये होता. गाद्या जमिनीवर, मोठं पातेलं स्वयंपाकघरात आणि संध्याकाळी गाणं. आमच्या घराच्या मागे रिझर्व्हचं, म्हणजे कौन्सिलचं मोकळं मैदान आहे. तिथे लोसा रोज उजाडता उजाडता पळायला यायची.

आणि आमच्या वरच्या खिडकीत त्या वेळी बाबा बसलेले असायचे.

बाबा म्हणजे पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षं पी.टी.चे सर. आई गेल्यावर पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. पहाटे पाचला उठून, चहा पिऊन, माकडटोपी घालून ते त्या खिडकीत बसायचे आणि मी पेनरोजच्या डेपोवर कामाला निघाले की विचारायचे, "इथली माणसं असतात कुठे गं?"  गाड्या गराजमधून निघतात आणि गराजमध्ये शिरतात, माणूस असा दिसत नाही. मला त्यांची फार काळजी वाटायची आणि ती बोलून दाखवता यायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली. "अगं, ही बाई बघ. काहीतरी गडबड आहे."

मैदानावर गुडघाभर धुकं होतं. त्यातून लोसा सरळ धावत गेली, पलीकडच्या झुडपापाशी थांबली, मागे वळली, पुन्हा सरळ धावत आली. गेली, थांबली, वळली, आली.

"छान तर पळतेय," मी म्हटलं.

"छान पळतेय. पण वळून पळत नाहीये."

माझ्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात घालून बाबा खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी हाताने गोल दाखवलं, असं फिरून ये. लोसाने मान हलवली, धावत सुटली, वळणाच्या जागी तिचा वेग वाढला आणि ती जी सरळ गेली ती हरकेकेच्या, लांब तलवारीसारख्या पात्यांच्या झुडपात. पाती बाजूला करत बाहेर आली तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत उभे होते.

पंचवीस वर्षं फक्त रनवेवर पळालेल्या माणसाला वळण कुठून येणार!

*

मग लोसाने जे सांगितलं ते मी चहा घेऊन खाली गेले होते म्हणून मलाही ऐकायला मिळालं.

बावीस वर्षांची असताना ती अशाच मोठ्या स्पर्धेला गेली होती. खऱ्या ट्रॅकवर उतरलेली त्यांच्या देशातली पहिली बाई. चारशे मीटर. वळणावर तिचं एक पाऊल आतल्या रेषेवर पडलं. एकच. पंचाने पिवळा झेंडा वर केला आणि ती बाद झाली. सगळं बेट रेडिओला कान लावून बसलं होतं.

"घरी कुणी रागावलं नाही," ती म्हणाली. "सगळे फार चांगले आहेत. पण कुणाची सायकल रस्ता सोडून गवतात गेली, की लोक हसून म्हणतात, 'लोसासारखी गेली.' आता ज्या पोरांना ती शर्यत माहीतही नाही, तीसुद्धा म्हणतात. माझ्या वर्गात. माझ्यासमोर."

बाबांनी विचारलं, "मेडल पाहिजे?"

"नाही. मला रेषेच्या आत राहून चारशे मीटर पूर्ण करायचंय. शेवटची आले तरी चालेल. पण सेफोला रेडिओवर माझी वेळ वाचता आली पाहिजे. बाद झालेल्या माणसाला वेळ नसते."

बाबांनी मैदानाकडे एक नजर टाकली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "घरात तांदळाची पिठी किती आहे?"

*

पुण्यातल्या शाळेच्या मैदानावर बाबा फक्की मारायचे. फक्की म्हणजे पट्टे आखायची चुन्याची पांढरी पूड. फ्लॅट बुशमध्ये फक्की कुठून आणणार? तर पिठी. घरातली संपली तेव्हा इंडियन दुकानातली, ती संपली तेव्हा ग्रुपवर मेसेज. "बाबांना पिठी हवी आहे, हीप्स, म्हणजे ढीगभर लागेल." कुणीही कशाला म्हणून विचारलं नाही. मराठी माणसाला वाटलं, उकडीचे मोदक असणार. त्या दिवशी संध्याकाळी दोन जणींनी गूळही आणून दिला!

शनिवारी सकाळी बाबांनी मैदानात एक खुंटी ठोकली. चार घरांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या एकमेकींना बांधल्या. वळणाची त्रिज्या साडेछत्तीस मीटर. हा आकडा त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ आहे. दोरीचं एक टोक खुंटीला, दुसरं माझ्या दहा वर्षांच्या लेकीच्या, रेवाच्या हातात. रेवा ताणलेली दोरी घेऊन हळूहळू अर्धगोल चालत होती आणि तिच्या पावलांमागून बाबा मुठीतून पिठी सोडत होते. मग त्याच्या बाहेर सव्वा मीटरवर दुसरी रेष. हिरव्या गवतावर ते पांढरं वळण उमटत गेलं तेव्हा आम्ही सगळ्या बायका कुंपणाशी उभ्या होतो. मला अजूनही ती सकाळ खरी वाटत नाही.

"उद्या पहाटे प्रॅक्टिस," बाबांनी जाहीर केलं.

"उद्या रविवार," लोसा म्हणाली.

"बरं, परवा."

सोमवारी पहाटे रेवा खिडकीशी गेली आणि तिथूनच ओरडली, "आजोबा! द डक्स आर ईटिंग युवर ट्रॅक!"

नुसती बदकं नाहीत. निळे पुकेको पक्षी होते, चिमण्या होत्या, एक कुत्रं होतं. सगळे ओळीने, वळणावळणाने, रेष न सोडता खात चालले होते. बाबा म्हणाले, "बघा. यांना जमतंय."

*

पक्ष्यांनी खाल्लं तेवढं बाबा दुपारी पुन्हा घालायचे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि पहिल्या लेनची खीर झाली.

पलीकडच्या घरात ग्रॅहम नावाचे एक गोरे आजोबा राहतात. तोवर आमची ओळख "किया ओरा" म्हणून हात हलवण्यापुरती. ते छत्री घेऊन कुंपणापाशी आले आणि बाबांना म्हणाले, "मेट, तीन दिवस मी विचार करतोय. हे नक्की काय आहे?"

बाबांचं इंग्रजी पी.टी.चं. लहान वाक्यं, मोठा आवाज. त्यांनी चिखलाकडे बोट दाखवून सांगितलं, "धिस इज बेंड. दॅट लेडी हॅज नो बेंड इन हर कंट्री."

ग्रॅहमनी लोसाकडे बघितलं. भिजलेल्या पिठाकडे बघितलं. "राइट," म्हणाले आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, आता तक्रार जाणार.

तासाभराने ते त्यांच्या जुन्या क्लबातून रेषा आखायचं चाकाचं यंत्र ढकलत परत आले. रंग भरलेलं. रग्बीच्या मैदानावरचं. कौन्सिलला फोन करून परवानगीही काढली होती. बाबांनी धन्यवाद दिले तर म्हणाले, "स्वीट ॲज, त्यात काय! फक्त मला सांगा, तिला जमेल का?"

"जमेल," बाबा म्हणाले. माझ्याशी मात्र मराठीत बोलले, "काही सांगता येत नाही गं. पाय ऐकतात, मन सरळ जातं."

त्यानंतर रोज पहाटे कुंपणाशी दोन खुर्च्या असायच्या. एक बाबांची, एक ग्रॅहमची. समोर धुक्यात लोसा वळणावर धावत असायची आणि बाबांचा आवाज यायचा, "लेफ्ट हँड स्मॉल! राइट हँड बिग! बॉडी लिटल फॉल! बट डोन्ट फॉल!" इथली माणसं कुठे असतात, हे मला नंतर कुणी विचारलं नाही.

*

उद्घाटनाच्या संचलनात आमचे नऊ जण दोन अवाढव्य देशांच्या मधे आले. पुढे चारशे, मागे सहाशे! सेफोने सूचना दिली, "दोन-दोन हातांचं अंतर ठेवा. लांब दिसू." ते तसे निघाले. कुणालाच घाई नव्हती. बेटावर चालतात तसेच चालत राहिले, आणि चालता चालता लोसाने हॉलमधलं संध्याकाळचं ते गाणं धरलं.

पुढचे चारशे लांब निघून गेले. मागच्या सहाशेंचा वेग मंदावला. स्टँडमधला गलका हळूहळू कमी झाला, कारण लोकांना ते गाणं ऐकू यायला लागलं होतं. जॅकेट घालून मी त्यांच्या देशाच्या नावाच्या फलकाच्या बाजूने चालत होते आणि माझ्याही पावलांना तीच लय लागली. तो मैदानाचा फेरा संपूच नये असं वाटत होतं.

शेवटी पोचल्यावर सेफोने सवयीने माणसं मोजली. चौदा!

पुन्हा मोजली. चौदाच. कुठल्या कुठल्या देशांचे पाच जण आपापलं पथक सोडून आमच्यात येऊन चालत होते. सेफोने त्यांना विचारलं, "तुम्ही कुठले?" एक टक्कल पडलेला, सहा फुटी गृहस्थ लाजून म्हणाला, "इथे बरं वाटत होतं."

*

मग वेळापत्रक आलं आणि सगळ्यांची तोंडं उतरली. लोसाची शर्यत रविवारी.

लोसाने एकदाच वाचलं, कागदाची घडी केली. "रविवारी मी धावत नाही." आवाज चढवला नाही, रडली नाही. पंचवीस वर्षं वाट बघितलेली बाई, आणि तिने तो कागद खिशात ठेवला. बाबांना हे कळेना. ते मला म्हणाले, "तू समजाव तिला." मी काय समजावणार? माझी आजी एकादशीला डॉक्टरांचंही ऐकायची नाही.

सेफो कोपऱ्यात बसून बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होता. मग त्याने बेटावर त्यांच्या पाद्रींना फोन लावला. फोन स्पीकरवर. आम्ही सगळे भोवती.

आता, ते बेट तारखेच्या रेषेपलीकडे आहे. म्हणजे आपल्या मागे एक दिवस. इथे रविवार उजाडतो तेव्हा तिथे शनिवार असतो. हे सेफोने आदराने पाद्रींच्या कानावर घातलं.

 पलीकडून समुद्राचा आवाज येत होता. मग पाद्रींनी विचारलं, "लोसा, तू कोणाकडून धावतेस? ऑकलंडकडून की आपल्याकडून?"

"आपल्याकडून."

"मग आपल्याकडे शनिवार आहे. आम्ही सगळे ऐकत असू."

लोसाने डोळे पुसले. लगेच म्हणाली, "पण मग सोमवारी मला कुणी काही काम सांगू नका. सोमवारी माझा रविवार!"

बाबा मात्र रात्री जेवताना घास हातात धरून तसेच बसले होते. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "म्हणजे ती रविवारी धावणार आणि निकाल शनिवारी ऐकणार... तिची जुनी शर्यतसुद्धा अशीच कुठेतरी चालू असेल काय गं?" मी त्यांना आणखी आमटी वाढली.

*

शर्यतीच्या दिवशी माझं काम होतं अंतिम रेषेजवळ कपड्यांच्या टोपल्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं. बाबा, रेवा आणि ग्रॅहम शेवटच्या वळणाच्या कठड्याशी उभे. त्यांच्या शेजारी सेफो, फोन तोंडाशी धरून, थेट बेटावर बोलत होता. आठ लेन, आठ बायका. लोसा पाचवीत.

पिस्तूल वाजलं. पहिल्या वळणावर लोसा मान खाली घालून, जणू काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालल्यासारखी धावली. सगळ्या पुढे गेल्या. पण ते वळण तिने नीट पार केलं. मग समोरचा सरळ भाग आला आणि लोसाने मान वर केली. तो तर तिचा रनवे! तिथे तिने दोघींना मागे टाकलं. स्टँडमधले आमचे लोक ओरडायला लागले. 

शेवटचं वळण. चौथ्या लेनमधली उंच बाई सगळ्यांत पुढे होती. एका फार मोठ्या देशाची, अंगावर सुंदर निळा पोशाख. ती वळली, तिच्यामागून बाकीच्या वळल्या, लोसा वळली आणि नेमका तेव्हा वळणावरच्या पंचाने पिवळा झेंडा वर केला.

सेफो बोलायचा थांबला. बाबा खाली बसले, हे मला एवढ्या लांबूनही दिसलं.

झेंडा लोसानेही बघितला. तरी ती रेषेच्या आत पळत राहिली. आधी मागे टाकलेल्या त्या दोघी पुन्हा तिच्या पुढे गेल्या. ती आठवी आली. माझ्यापासून चार हातांवर गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. मी पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. पंच कागद घेऊन हळूहळू चालत आला, दुसऱ्या पंचाशी बोलला. निकालाचा फलक बराच वेळ काळाच राहिला. मग एकेक नाव उमटायला लागलं.

सातव्या ओळीवर लोसाचं नाव. आणि नावापुढे वेळ.

आठव्या ओळीवर चौथ्या लेनमधल्या त्या निळ्या पोशाखातल्या बाईचं नाव, आणि त्यापुढे काहीच नाही.

मग कठड्यापाशी एकच कल्लोळ झाला. सेफो फोनमध्ये तीच वेळ पुन्हा पुन्हा वाचत होता, आणि फोनमधून अख्खं बेट ओरडत होतं. ग्रॅहम बाबांच्या पाठीवर थापा मारत होते. बाबा माकडटोपी काढून हलवत होते आणि पुण्याच्या मैदानावरच्या आवाजात हाका मारत होते, "लोसा! अगं बाई! इकडे बघ!"

लोसाने फलकाकडे एकदा बघितलं. पुरेसं बघितलं. पण ती तिकडे गेली नाही.

ती निळ्या पोशाखातली बाई ट्रॅकवरच बसली होती. तिचे लोक भोवती उभे राहून हातवारे करत पंचाशी भांडत होते, आणि ती गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. लोसा त्या माणसांमधून वाट काढत आत गेली आणि तिच्या शेजारी पाय पसरून बसली. मी मागोमाग गेले होते; माझ्या हातातली बाटली तिने आता घेतली आणि त्या बाईच्या हातात दिली.

"एकच पाऊल," ती बाई म्हणाली. "फक्त एकच पाऊल पडलं."

"एकच पडतं," लोसा म्हणाली.

"मला आज झोप लागणार नाही."

"नाही लागणार," लोसा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "पहिली पंचवीस वर्षं जरा जड जातात."